दुरुस्तीनंतर चुकीचे माप दाखवणाऱ्या पॅटर्न जनरेटरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
सेवा विभाग

विषय : टीव्ही पॅटर्न जनरेटरची न सांगितलेली छेडछाड, जुने भाग परत न देणे आणि कॅलिब्रेशनचा खोटा शेरा

महोदय,

आपल्या सीताबर्डीच्या काउंटरवर मी माझा जुना रंगीत पॅटर्न जनरेटर, म्हणजे टीव्ही दुरुस्त करताना त्याला ठरावीक चाचणी-चित्रे पुरवणारे यंत्र, दुरुस्तीसाठी दिला होता. बिघाड एकच होता. यंत्र तापले की जाळीच्या पॅटर्नमधल्या उभ्या रेषा लहरायला लागत. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसत होता, म्हणजे फिल्टर कपॅसिटर सुकले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, बंद पेटीच्या आत त्याहून जास्त, तिथे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लवकर सुकणारच. हे सर्व मी जॉब कार्डवर लिहून दिले होते. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या : सीलबंद ट्रिमर (वारंवारता बारीक जुळवायचे भाग) व कॉइलना हात लावू नये आणि काढलेले भाग परत द्यावेत. त्यावर आपल्या माणसाची सही आहे.

फिल्टर कपॅसिटर बदलले आणि ते काम चांगले झाले, हे मी मान्य करतो. रेषा आता स्थिर आहेत. माझी तक्रार त्यापुढच्या कामाबद्दल आहे.

भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीवर. तिची रंगवाहक वारंवारता, म्हणजे रंगाची माहिती वाहून नेणाऱ्या लहरीची वारंवारता, ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ असते. हा आकडा असा विचित्र का, हे आपल्या तंत्रज्ञाला ठाऊक असायला हवे. ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, म्हणून रेषेची वारंवारता १५,६२५ हर्ट्झ. तिची २८३.७५ पट आणि वर २५ हर्ट्झ, तेव्हा तो आकडा येतो आणि रंगाचे ठिपके चित्रात कमीत कमी दिसतात. यंत्र परत आल्यावर मी हीच वारंवारता मोजली. माझा फ्रिक्वेन्सी काउंटर (वारंवारता मोजणारे यंत्र) तापवून घेतला होता, तरी शंका नको म्हणून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या काउंटरवरही तपासली. दोन्हीकडे ४.४३४३२ आली, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झ जास्त. एवढ्या फरकात अनेक टीव्ही सेटचा ऑसिलेटर लॉकच होत नाही, म्हणजे आलेल्या वारंवारतेशी जुळतच नाही. कुठे रंग येत नाहीत, कुठे रंगांचे आडवे पट्टे पळत राहतात.

झाकण उघडल्यावर कारण दिसले. सॉकेटमध्ये बसणारा मूळचा मोठा क्रिस्टल (वारंवारता ठरवणारा भाग) काढून त्या जागी एक छोटा क्रिस्टल थेट डाखला आहे. शेजारचा ट्रिमर काढून टाकला आहे आणि तिथे ठरावीक मूल्याचा साधा सिरॅमिक कपॅसिटर लावला आहे. क्रिस्टल कोणत्या लोड कपॅसिटन्ससाठी (त्याला जोडायच्या कपॅसिटरच्या मूल्यासाठी) बनवला आहे ते न पाहता तो बसवला की वारंवारता सरकते, आणि ट्रिमरच नसल्यामुळे ती जागेवर आणायची सोयही आपण ठेवली नाही. बिलात या बदलाचा उल्लेखही नाही. तिथे फक्त ‘पूर्ण सर्व्हिसिंग व कॅलिब्रेशन’ एवढे शब्द आहेत.

ध्वनीच्या कॉइलचेही तेच. ध्वनिवाहक चित्रवाहकापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असायला हवा, तो ५.४३ वर आहे. तिच्या कोरवरचे (आतल्या फिरत्या गाभ्यावरचे) मेण फुटले आहे आणि खाचेचा एक टवका उडाला आहे. फेराइटचा कोर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवत नाहीत, त्यासाठी नायलॉनचे टूल असते, हे या धंद्यात नवख्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. लोखंड जवळ असेपर्यंत माप एक दाखवते, बाजूला घेतले की दुसरेच.

मी काउंटरवर विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की यंत्र जुने आहे, एवढा फरक चालायचाच, आणि असे टीव्ही आता वापरतो तरी कोण? वापरणारे लोक आहेत. महाल, इतवारीच्या जुन्या घरांतून वेस्टन, क्राउनचे सेट आजही माझ्याकडे येतात. आजोबांनी घेतलेला सेट पुन्हा सुरू झालेला पाहायचा असतो त्या लोकांना. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग प्रक्षेपण आता हवेतून मिळत नाही, म्हणून असा सेट तपासायला पॅटर्न जनरेटर हाच माझा भरवसा आहे. इतवारीतला सराफ आपला काटा दुरुस्तीला देतो, तेव्हा तो खरा तोलावा एवढीच त्याची अपेक्षा असते. माझीही तेवढीच होती.

याचे नुकसान माझ्यापुरते नाही. यंत्र परत आल्यावर एका चांगल्या सेटवर रंग दिसेनात. माझ्याकडे शिकणारा मुलगा त्या सेटचाच ट्रिमर फिरवायला निघाला होता. दुसऱ्या सेटवरही तीच लक्षणे दिसली म्हणून मी त्याला थांबवले. बंद पडलेले यंत्र निदान कोणाला फसवत नाही. चुकीचे माप दाखवणारे यंत्र मात्र पुढच्या प्रत्येक सेटची वाट लावते, आणि दोष त्या सेटवर जातो.

मूळचा क्रिस्टल आणि ट्रिमर आपण मला परत द्यावेत. ते माझ्या मालकीचे आहेत आणि आज बाजारात सहज मिळणारे नाहीत. ते टाकून दिले असतील तर तसे लेखी कळवावे आणि योग्य लोड कपॅसिटन्सचा क्रिस्टल व ट्रिमर आपल्या खर्चाने बसवून द्यावा. ध्वनीच्या कॉइलचा कोर बदलावा. त्यानंतर दोन्ही वारंवारता माझ्यासमोर, यंत्र अर्धा तास तापल्यावर मोजाव्यात आणि आलेले आकडे, वापरलेल्या फ्रिक्वेन्सी काउंटरच्या नावासह, कागदावर लिहून द्यावेत. आकड्यांशिवाय कॅलिब्रेशनचा शिक्का मी स्वीकारणार नाही. कॅलिब्रेशनपोटी घेतलेली रक्कम परत करावी. फिल्टर कपॅसिटरच्या कामाचे पैसे मी मागत नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. जॉब कार्डची प्रत, बिल, दोन्ही फ्रिक्वेन्सी काउंटरवरचे आकडे आणि आतली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. यंत्र मी पुन्हा काउंटरवर ठेवून जाणार नाही. आपल्या तंत्रज्ञाने वेळ कळवावी, मी ते घेऊन येईन आणि काम होईपर्यंत तिथे थांबेन.

आपला,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर