समुद्राकाठी गाडीचा मागचा ॲक्सल

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. ॲक्सलवर जे तांबडं दिसतंय, त्यात जांभ्याची मातीही असणार. ओल्या फडक्याने पूस. निघेल ती माती, राहील तो गंज. मला काळजी आहे ती फोटोत न आलेल्या जागेची.

तुझ्या गाडीचा मागचा ॲक्सल म्हणजे जाड पत्रा दुमडून केलेला, एका बाजूने उघडा आडवा बीम, आणि त्याच्या दोन्ही टोकांना वेल्ड केलेले आर्म. त्या दुमडीत चिखल बसतो आणि त्यात खारं वारं मुरतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं, म्हणून मालवणात पाऊस नसला तरी ती जागा ओलीच राहते. फोर्डने 2010 मध्ये 1998 ते 2003 च्या विंडस्टार गाड्या परत बोलावल्या, त्या मागचा ॲक्सल गंजून तुटण्याच्या धोक्यामुळेच. तिकडे अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

आता कामाचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पुढच्या चाकांना उटी लाव, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडसर; गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर बसव. दुमड, स्प्रिंगची बैठक आणि आर्मचे वेल्ड गोड्या पाण्याने धू, निचऱ्याची भोकं तारेने मोकळी कर, मग एक दिवस वाळू दे. नंतर लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं, तर रंगाचा विचारच सोड. तिथे पत्र्याचा तुकडा वेल्ड करू म्हणणाऱ्या गॅरेजला नाही म्हण. हा बीम प्रत्येक खड्ड्यात पिळला जातो. वेल्डशेजारचा तापलेला धातू पुढे तडकतो. तिथे ॲक्सलच बदलायचा.

गंज वरवरचा असेल तर वायर ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. उरलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं द्रावण लाव. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धूच; ॲसिड राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही. पूर्ण सुकल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर काळा चासी पेंट. दुमडीत आणि पोकळ भागांत शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. रंग ब्रेक ड्रमला, शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याला, ॲक्सलच्या सांध्यातल्या रबरी बुशला लागू देऊ नकोस. हे काम पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवशीच.

गंजावरच जाड डांबरी कोटिंग मारून देतील, ते घेऊ नकोस. त्याला चीर पडली की पाणी आत कोंडतं आणि वरून सगळं चकचकीत दिसत राहतं. जळकं ऑईल फवारणंही नको. त्याने बुशचं रबर फुगतं, आणि ते ब्रेकपर्यंत ओघळलं तर गाडी थांबायची नाही.

ॲक्सलवरच्या लोखंडी ब्रेक पाईपला खड्डे पडले असतील तर तो घासून रंगवू नको, बदल. ॲक्सल नवा बसवला तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांग, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने. लटकत्या चाकांवर आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

वाळूवर गाडी नेलीस तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायची. आणि रंगाआधी दुमडीच्या आतले फोटो पाठव.

तुझे,
बाबा