कंट्रोल चार्टची लिमिट काढली कशी हे पण विचारा

संपादक महोदय,

चाकण, भोसरी, वाळूज कुठेही जा, छोट्या वर्कशॉपमध्येसुद्धा आता मशीनशेजारी कंट्रोल चार्ट (पीसची मापं मांडायचा आलेख, वर-खाली लिमिटच्या रेषा मारलेला) लावलेला दिसतो, कस्टमरचा ऑडिटर येतो, सगळे पॉइंट लिमिटच्या आत आहेत ना बघतो आणि सही करून जातो. ती लिमिट आली कुठून हे मात्र कोणी विचारत नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे.

बऱ्याच ठिकाणी महिनाभराची सगळी रीडिंग एक्सेलमध्ये टाकतात, सरसकट स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सिग्मा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढतात आणि तोच धरून लिमिट मारतात. अहो पण त्या महिन्यात इन्सर्ट (मशीनचं कापायचं पातं) झिजला, मटेरियलचा लॉट बदलला, रात्रपाळीत सेटिंग सरकलं, ते सगळं त्या आकड्यात आलंच की! जे पकडायचं त्यानेच लिमिट रुंद करून ठेवली, मग चार्ट बोंबलणार कसा?

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीमध्ये हा चार्ट मांडला, १९४७-४८ मध्ये ते भारतात पण येऊन गेले. त्यांच्या चार्टचा गाभाच हा की लागोपाठचे चार-पाच पीस घ्यायचे (हाच सबग्रुप), त्यांच्यातला फरक म्हणजे प्रोसेसचा स्वतःचा फरक, आणि लिमिट त्यावरूनच काढायची. समजा पाच-पाच पीसची सरासरी रेंज (सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक) ७ मायक्रॉन आहे, तिला २.३२६ ने (पाच पीससाठीचा ठरलेला आकडा) भागलं की सिग्मा साधारण ३ येतो आणि सरासरीची लिमिट (तीन सिग्मा भागिले पाचचं वर्गमूळ) मध्यापासून वरखाली ४ मायक्रॉन. आता सेटिंग सरकत राहिल्यामुळे सरसकट काढलेला सिग्मा ६ आला तर लिमिट जाते ८ वर. म्हणजे सरासरी ६ मायक्रॉन सरकली तरी दुसऱ्या चार्टवर सगळं आलबेल!

एकेकच रीडिंग मिळत असेल तरी लागोपाठच्या दोन रीडिंगमधल्या फरकाची सरासरी काढून तिला २.६६ ने गुणलं की मध्यापासून लिमिटचं अंतर मिळतं, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त दोन मशीनचा माल एकाच सबग्रुपमध्ये मिसळू नका, नाहीतर रेंजच फुगते आणि परत तीच बोंब. (काही जण तर ड्रॉइंगमधला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, तोच कंट्रोल लिमिट म्हणून काढतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण रोज रीडिंग लिहिणाऱ्या ऑपरेटरची सगळी मेहनत फुकट जाते.)

माझी कळकळीची विनंती एवढीच की ऑडिटला येणाऱ्यांनी आधी रेंज चार्ट (सबग्रुपच्या रेंजचा आलेख) मागावा, आणि सिग्मा कशावरून काढला हे त्या ऑपरेटरसमोरच विचारावं.

– एक क्वालिटी इंजिनिअर, पिंपरी-चिंचवड