खाटा अडीचशे, पण रात्री पाठ कुठं टेकायची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात शेंडा पार्कात व्हायच्या अकराशे खाटांच्या सरकारी रुग्णालयाबद्दल आपल्या अंकात वेळोवेळी येतं ते मी कात्रण काढून ठेवतो. ६०० खाटा सर्वसाधारण, २५० सुपरस्पेशालिटीच्या आणि २५० खाटांचं स्वतंत्र कॅन्सर रुग्णालय. तळकोकणातले, सीमेपलीकडचे निपाणी-चिकोडीचे लोकही आज सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या जुन्या सरकारी दवाखान्याच्या, दारात येतात. तेव्हा ही इमारत हवीच, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं त्या खाटांच्या आकड्याबद्दल आहे. कॅन्सरचा पेशंट उपचाराचे बरेच दिवस खाटेवर नसतोच.

मी एसटीतला निवृत्त वाहक. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण थोरल्या बहिणीला, आक्काला, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला आणि तिच्याबरोबर मुंबईत पावणेदोन महिने काढले. त्यातून जे उमगलं तेवढंच लिहितो.

रेडिएशनला आमच्याकडं ‘लाईट’ म्हणतात, जुनी माणसं ‘शेक’ म्हणतात. आक्काला पंचवीस लाईट सांगितले होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे पाच आठवडे. आठवड्यातनं एकदा केमोची बाटली, आणि शेवटी आतून द्यायचे लाईट ते वेगळे. रोजच्या लाईटला वेळ किती, तर मशीनखाली झोपून उठेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. उरलेले पावणेचोवीस तास पेशंट आपला आपण सांभाळायचा. दाखल करून घेत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. चालत्याफिरत्या माणसानं खाट अडवली तर ऑपरेशनवाल्यानं जायचं कुठं?

पहिल्या दिवशी पोटावर आणि कमरेला शाईच्या खुणा केल्या. खुणा पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. आक्का जन्मभर नऊवारी नेसलेली. नेमकी निऱ्या खोचायच्या जागी खूण, आणि मुंबईचा घाम. तिसऱ्या दिवशी शाई फिसकटली, तिथल्या मुलानं पुन्हा मापं घेऊन खूण केली आणि दमही भरला. त्या दिवसापासनं आक्का दीड महिना भाचसुनेच्या गाऊनवर. दुसरी गोष्ट पाण्याची. लाईटच्या आधी पोटभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, मूत्राशय भरलेलं लागतं. नंबर लांबला की बाई कासावीस. जाऊन आली की पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच भाषणात येत नाही. पोटावर लाईट बसायला लागले की दोन-तीन आठवड्यांत जुलाब सुरू होतात. आता विचार करा, शेंडा पार्कात लाईटचं मशीन आलं. आजऱ्याहून एसटीनं दोन-अडीच तास, चंदगडहून त्याहून जास्त. जाऊन-येऊन पाच तास, असे पंचवीस दिवस. मी उभी हयात गाडीत काढलीय. मध्येच गाडी थांबवायला सांगणारी बाई त्याआधी तीन थांबे गप्प बसलेली असते. तिकिटाची अडचण नाही, कॅन्सरच्या पेशंटला एसटीत ७५ टक्के सवलत आहे. लाईटचे पैसे महात्मा फुले योजनेतून निघतात. अडचण आहे ती पोटाची आणि रात्रीची.

मग काय होतं? माणूस चार दिवस येतो, दोन दिवस चुकवतो. आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं की या कॅन्सरात सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा झाला पाहिजे, मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. आमच्या ओळखीचे शिराळ्याकडचे एक काका अकरा लाईट घेऊन भातकापणीला म्हणून गावी गेले ते परत आलेच नाहीत. कापणी हे निमित्त. राहायला जागा नव्हती, रोज फुटपाथवर झोपून ते विटले होते.

आम्हीही पहिले नऊ दिवस भाच्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत काढले. सहा माणसं, आणि संडास चाळीच्या टोकाला. मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि आक्काचा जीव भांड्यात पडला. उपचार डॉक्टरांनी केले हे खरंच, पण पंचवीसचे पंचवीस लाईट पुरे झाले ते त्या धर्मशाळेमुळं.

अशी जागा मागाहून मिळत नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं, देशात नावाजलेलं. त्यांच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी २०२१ साली म्हाडानं शंभर सदनिका देऊ केल्या, तर आसपासच्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती आली आणि दुसरीकडं सोय करावी लागली. टाटाची ही गत, तर आपलं काय! शेंडा पार्कात आज सरकारची मोकळी जागा आहे. दहा वर्षांनी भोवतीनं अपार्टमेंटं उठली की तिथंही हरकतीच येणार.

खरं तर कोल्हापूरला हे कुणी शिकवायची गरज नाही. राजाराम कॉलेज होतं, मास्तर होते, पण खेड्यातल्या पोरानं शिकायला येऊन राहायचं कुठं? शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणायला लागले. माझे वडीलही त्यातल्याच एका बोर्डिंगात राहून सातवी झाले. शाळेइतकंच बोर्डिंग महत्त्वाचं हे ज्या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं, त्या गावातल्या रुग्णालयाला धर्मशाळा सुचवावी लागावी, याचं नवल वाटतं.

अतिदक्षता विभागाबद्दलही एक सांगायचंय. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, आणि त्यात ताप आला तर तो साधा ताप नसतो, तासांचा हिशेब असतो. आक्काला असा ताप रात्री साडेअकराला भरला. धर्मशाळा दवाखान्याच्या जवळ होती म्हणून टॅक्सीनं थोड्या वेळात पोचलो. आजऱ्यात असतो तर आधी गाडी शोधण्यात तास गेला असता. म्हणून अतिदक्षतेची इमारत कॅन्सरच्या इमारतीला लागून हवी, आणि असल्या पेशंटांना इतर जंतुसंसर्गाच्या पेशंटांपासून वेगळं ठेवायची सोय हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून निदान ११ माणसं गेली. तो विभागही नवाच होता. तेव्हा किती मजले चढवले यापेक्षा व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खाली कुठल्या वाटेनं आणायचं, ते आधी सांगा. लाईटच्या मशीनचंही तसंच. ते काँक्रीटच्या जाडजूड भिंतींच्या खोलीत बसतं, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ माणूस नेमावा लागतो. ती पदं इमारतीबरोबरच मंजूर करून घ्यावीत. मशीन आलं आणि माणूस नाही म्हणून कुलूप, हे आपण पाहिलेलं आहे.

माझी मागणी साधी आहे. याच संकुलात, याच निविदेत, पेशंट आणि सोबतचं एक माणूस अशा निदान दीडशे जोड्यांची धर्मशाळा धरावी. फार काही नको. तळमजल्याला खोल्या, प्रत्येक खोलीला संडास (हे शब्द मी मुद्दाम लिहितोय), मऊ भात शिजवता येईल असं सामाईक स्वयंपाकघर, आणि मध्यवर्ती बसस्थानकावरनं थेट दारापर्यंत केएमटीची शहर बस. चालवायला गाडगेबाबांच्या मिशनसारख्या संस्थांना विचारावं, त्यांना हे काम पाठ आहे.

आपल्या वार्ताहरानं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडं जाऊन एवढंच विचारावं की संकुलाच्या नकाशात धर्मशाळेची जागा दाखवली आहे का, आणि असेल तर किती माणसांची. उत्तर येईल ते छापावं. नाही आलं, तर तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. आजरा, जि. कोल्हापूर