टाइल्स फोडल्याच आहेत तर नळही बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, जुनी गाळ्यांची बिल्डिंग, आणि मी तिथे अ‍ॅडमिन बघतो म्हणजे चहापत्तीपासून टँकरच्या बिलापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. वर्षभरात आमच्याकडे तीन गाळ्यांचं रिनोव्हेशन झालं. काचेच्या केबिनी आल्या, फॉल्स सीलिंग आलं, टॉयलेटला छतापर्यंत टाइल्स लागल्या, आणि एवढं सगळं करून जुना दहा लिटरचा फ्लश टँक पुसूनपासून परत तिथेच बसवला, का तर म्हणे चालू आहे ना!

परवा मी सहज बेसिनच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली धरली नि मोबाइलवर टायमर लावला. मिनिटभरात बादली भरली. आम्ही पहिल्या मजल्यावर, टाकी गच्चीवर, त्यामुळे प्रेशर असं की हात धुताना शर्ट भिजतो. मग त्याच नळाला एअरेटर लावला, आमचा प्लंबर त्याला नुसतं जाळी म्हणतो, तर तीच बादली भरायला तीन मिनिटं लागली. पाण्यात हवा मिसळते म्हणून धार भरलेली वाटते, ऑफिसात कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

फ्लशचा हिशोब तर अजून मोठा आहे. चारशे माणसं धरा, प्रत्येकी तीन वेळा, दहा लिटरने झाले 12,000 लिटर. सहा आणि तीन लिटरचा ड्युअल फ्लश असेल, एकदा मोठं बटण दोनदा छोटं, तर 4,800. म्हणजे रोजचे 7,200 लिटर, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाऊण टँकर वाचला. फक्त एक सांगतो, आमच्याकडे एकाने जुन्या भांड्यावर नुसता नवीन टँक लावला, भांडं जास्त पाण्यासाठी बनवलेलं, त्यामुळे साफ होईना आणि लोक दोन-दोनदा दाबायला लागले, मग वाचलं काय? अमेरिकेत 1994 पासून नव्या टॉयलेटला सहा लिटरची मर्यादा कायद्यानेच आली तेव्हा सुरुवातीला हीच बोंब होती, मग भांड्यांची डिझाइन सुधारली. टँक आणि भांडं जोडीनेच घ्यायचं, आणि ते भिंत फोडलेली असतानाच जमतं, नंतर पंधरा वर्षं कोणी टाइल्सना हात लावू देत नाही.

आणि युरिनलची ती आपोआप सुटणारी टाकी! एका रविवारी विसरलेली फाइल आणायला गेलो, सगळीकडे अंधार, बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही, आणि ही बया दर थोड्या वेळाने भडाभडा रिकामी होतेय. सेन्सर असता तर माणूस आल्यावरच पाणी सुटलं असतं.

हे कोणी करत का नाही तर पैशाचं गणितच उलटं आहे. फिटिंगचा खर्च गाळामालकाचा, पाण्याचं बिल भाडेकरूचं, तेही सोसायटी एरियाप्रमाणे वाटते, त्यामुळे ज्याने वाचवलं त्याला फायदा दिसतच नाही. प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर लावा, मग बघा.

मुंबईला जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसा धरणातून येतं, आणि ते धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. जून 2024 मध्ये आपल्याकडे 10 टक्के कपात झाली, एप्रिल 2025 ला टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा आम्ही टॉयलेटमध्ये बादल्या भरून ठेवल्या होत्या. संप मिटला तशा बादल्या परत हाउसकीपिंगच्या खोलीत.

पालिकेने 2002 पासून मोठ्या प्लॉटवरच्या नवीन बांधकामाला रेन वॉटर हार्वेस्टिंगची सक्ती केली, पण जुन्या बिल्डिंगच्या आतल्या कामात नळ किती लिटरचा हे कोणी विचारत नाही. निदान कमर्शियल सोसायट्यांनी रिनोव्हेशनची एनओसी देताना तेवढं विचारावं, पार्किंगचं नि लिफ्टमधून सामान नेण्याचं विचारतातच की. आमच्या कमिटीपुढे हे मांडलं तर सेक्रेटरी म्हणाले लेखी द्या, एजीएममध्ये बघू. लेखी दिलंय. तोवर शनिवारी प्लंबरला बोलावलंय, आमच्या मजल्यावरच्या उरलेल्या अकरा नळांना जाळ्या लावायला.

आपला,
एक वाचक, अंधेरी (पूर्व)