इशारा देणारा ‘त्यांचा माणूस’ ठरला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य पुनर्रचना आयोगात कोण होतं, असं विचारलं की आमच्या अंबाजोगाईच्या अभ्यासिकेतली पोरं एका दमात सांगतात: फाजल अली, कुंझरू, पणिक्कर. तिसऱ्या नावाबद्दल पुढं विचारलं तर सगळे गप्प. निजामी राजवटीतून सुटलेला मराठवाडा मुंबई राज्यात घालावा, अशी शिफारस १९५५ मध्ये करणाऱ्यांत ते होते. आपण त्यांचं तेवढं तरी देणं लागतो. मला लिहायचंय ते त्यांच्या त्याआधीच्या कामाबद्दल.

सरदार के. एम. पणिक्कर मूळचे इतिहासकार. १९४८ मध्ये ते चीनमध्ये राजदूत म्हणून गेले. चँग कै शेकची सत्ता कोसळताना आणि माओची येताना, दोन्ही त्यांनी तिथं राहून पाहिलं. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री त्यांना झोपेतून उठवून पंतप्रधान चौ एन लाय यांच्या घरी बोलावण्यात आलं. रिवाजाप्रमाणं चहा झाला. मग चौंनी सांगितलं, कोरियात अमेरिकी फौजा ३८ वा अक्षांश, म्हणजे दक्षिण आणि उत्तर कोरियामधली हद्द, ओलांडून उत्तरेत आल्या तर चीन युद्धात उतरेल. नुसते दक्षिण कोरियाचे सैनिक आले तर गोष्ट वेगळी. पणिक्करांनी हे दिल्लीला कळवलं आणि तिथून ते वॉशिंग्टनपर्यंत पोचलं. पण हा राजदूत कम्युनिस्टांचीच तळी उचलतो, असं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचं मत होतं, त्यामुळं इशारा बाजूला पडला. महिना सरायच्या आत चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात आल्या. ते युद्ध जुलै १९५३ पर्यंत चाललं. किती लेकरं हकनाक गेली!

याच पणिक्करांचा तिबेटबाबतचा सल्ला आपल्याला महागात पडला, हेही मी पोरांना तितक्याच ठासून सांगतो. ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलं होतं, की आपले राजदूत चीनच्या तिबेटमधल्या कृतीचं समर्थन शोधायला फार धडपडतात. पुढं १९५२ मध्ये, चीन सीमेचा विषय काढत नाही म्हणजे त्याला आपली सीमा मान्य आहे, आपणही तो काढू नये, असं पणिक्करांचं मत पडलं. परराष्ट्र खात्याचे महासचिव राहिलेल्या गिरिजाशंकर बाजपेयींना ते पटलं नव्हतं. तरी १९५४ चा भारत-चीन तिबेट करार सीमाप्रश्न न मिटवताच झाला.

माणूस तोच. कोरियाच्या वेळी त्यांनी कानांनी ऐकलेलं कळवलं, तिबेटच्या वेळी समोरच्याच्या गप्प राहण्यावरून अंदाज बांधला. सल्लागाराच्या सांगण्यातलं ऐकीव किती, पाहिलेलं किती आणि मनचं किती, हे निवडून घेणं सरकारचं काम असतं. वॉशिंग्टननं सगळंच झटकलं, दिल्लीनं सगळंच घेतलं.

हे आज लिहिण्याचं कारण सांगतो. सीमेवर काही घडलं आणि टीव्हीवर एखादे निवृत्त राजदूत ‘बोलणी बंद करू नका’ म्हणाले, की अभ्यासिकेतली चांगली हुशार पोरं ‘विकला गेला’ म्हणून आवाज बंद करतात. मला याचा फार त्रास होतो. सतिंदर लांबा पेशावरात जन्मले, इस्लामाबादेत उच्चायुक्त होते, नंतर मनमोहन सिंगांचे विशेष दूत म्हणून वर्षानुवर्षं पडद्याआडून पाकिस्तानशी बोलत राहिले. अशा माणसाचं म्हणणं खोडून काढायचं तर खुशाल काढा, पण आधी ते पूर्ण ऐका. उद्या हीच पोरं अधिकारी होणार आहेत.

म्हणून विनंती, की रविवारच्या पुरवणीत शेजारी देशांबाबत काम केलेल्यांवर लेखमाला द्यावी. सुरुवात आपल्या कोल्हापूरकडच्या जनरल थोरातांपासून करता येईल. चीन कुठून, कसा येईल याचा अंदाज त्यांनी १९६० मध्येच ‘लाल किला’ या लष्करी सरावात मांडला होता, आणि तोही कुणी मनावर घेतला नाही. आपला अंक अभ्यासिकेत रोज येतो. लेखमाला पोरांकडून वाचून घेण्याची जबाबदारी माझी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड