आणखी एक वर्ष कोइंबतूरला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्याचा दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा आईने जेवणाची चौकशी सुरू केली आणि माझा धीर सुटला, म्हणून लिहिते आहे. दिवाळीला चार दिवस येईन, पण कायमची परतणार नाही. येथील गंगा हॉस्पिटलच्या सूक्ष्मशस्त्रक्रिया विभागात आणखी एक वर्ष राहण्यास मी सोमवारी होकार दिला. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मान्य आहे. परंतु विचारले असते तर बाबा लगेच ‘राहा’ म्हणाले असते आणि मग आठवडाभर गोठ्यात एकटेच बसून राहिले असते, हेही मला ठाऊक आहे.

हे काम कोल्हापुरातही करता येईल, हा बाबांचा मुद्दा चुकीचा नाही, आणि मला शेवटी तेथेच करायचे आहे. मात्र तुटलेले बोट जोडताना आधी हाड तारेने स्थिर करावे लागते, मग स्नायुरज्जू शिवावे लागतात, आणि त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या धमनीला केसाच्या निम्म्याहून बारीक धाग्याने टाके घालावे लागतात. त्यातला एखादा टाका धमनीच्या समोरच्या भिंतीत अडकला, तर रक्त गोठते आणि बोट काळे पडते. पहिले कित्येक महिने मी कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिन्यांवर सराव केला, तोही ऐन श्रावणात. आई, रागावू नकोस. गोधडीचा वाकडा टाका तू मला उसवायला लावायचीस, तेव्हा मी किती रडायचे! येथेही तसेच उसवते, फक्त रडत नाही.

परवा पहाटे एका कारागिराचा अंगठा जोडला. मी मदतनीस होते. दोन टाके तेवढे माझे. रक्तवाहिनीवर लावलेला चिमटा काढला आणि तो पांढराफटक अंगठा हळूहळू गुलाबी होत गेला, तेव्हा मला दाजीकाका आठवले. बाबा, तुम्ही त्यांचा तुटलेला अंगठा थेट बर्फात ठेवलात, त्यात तुमचा काहीही दोष नव्हता. पूर्ण तुटलेला अंगठा जपानमध्ये 1965 मध्येच जोडला गेला होता, पण तो जपायचा कसा, हे आपल्या गावात येऊन कोणी सांगितले होते?

माझी काळजी करू नका. खोली हवेशीर आहे, भात अंगवळणी पडला आहे आणि आईने दिलेले ज्वारीचे पीठ अजून पुरते आहे.

आता माझे ऐका. कडबाकुट्टीची काढून ठेवलेली जाळी आजच बसवून घ्या. वैरण अडकली, तर मोटार बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, बाबांनी तर मुळीच नाही. कोणाचे बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटाला बर्फ लागू देऊ नये. बोट गार राहिले तर वेळ मिळतो. मनगटाच्या वर हात तुटला, तर मात्र सहा तासांच्या आत पोहोचावे लागते. हे मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्याच्या दारावर लावा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. तंबाखूबद्दल समोर बोलू.

तिकीट काढले आहे. पहाटे मला घ्यायला मोटारसायकल काढू नका, मी एसटीने येईन.

तुमची,
ताई