आवाज ओळखायला शिकवणाऱ्या काकींना

काकी, नमस्कार.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी चाय घे" म्हणून विषय मोडता, म्हणून लिहून काढलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, कारण आपल्या सिंधुदुर्गात कोंबड्या घरोघरी आहेत, बदकं मात्र मोजक्याच घरांत. पिल्लं आणली की विचारायचं कोणाला, ही अडचण माझ्यासारख्या कितीतरी जणींची असणार.

आमची पिल्लं खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी विसावं शतक उजाडताना तयार केलेली ही जात. नीट सांभाळली तर मादी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, म्हणूनच ती घेतली. पण मिळतात ती एक दिवसाची पिल्लं, नर-मादी मिसळलेली. शेपटीखाली उलगडून बघून त्याच दिवशी नर-मादी सांगणारे कसबी हात असतात, पण शिकाऊ बोटांनी तसं केलं तर पिल्लाला इजा होते. शेजारपाजारी प्रत्येकाकडे एक खूण होती. कोणी चोचीची लांबी बघायला सांगत होतं, कोणी डोक्याचा आकार. तुम्ही टोपलीत हात घालून एकेक पिल्लू पोटाखालून अलगद उचललंत, परत ठेवलंत आणि म्हणालात, "घाई कित्याक? आवाज फुटांदे."

आवाज फुटायला सहा-सात आठवडे लागतात. तोवर पिल्लं जगली पाहिजेत, आणि आमची जगली ती तुमच्यामुळे.

पुस्तकात लिहिलेलं असतं, पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश ऊब द्या, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवा. तुम्ही थर्मामीटर कधी हातात धरला नाहीत. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडून धापा टाकताहेत तर उकडतंय, ऐसपैस पसरून निजली तर बरोबर. तुमचं मोजमाप एवढंच. पाण्याचंही तसंच. पाण्याच्या परळात, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यात, दगड ठेवायला लावलेत, म्हणजे चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी पण अंग भिजू नये. बदकाला नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवून धुवावे लागतात, नाहीतर ते चिकटतात. आणि आईविना बल्बखाली वाढणारं पिल्लू चिंब झालं की गारठून मरतं. बदक म्हणजे पोहणारच, असं समजून एक दिवसाची पिल्लं टबात सोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

खाण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याचं मोल मला मागाहून वाचताना कळलं. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदकांच्या पिल्लांना चालतं, पण एका बाबतीत तोकडं पडतं. नायसिन नावाचं जीवनसत्त्व बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात, सांधे सुजतात, पिल्लू चालायचं थांबतं. शहरातले लोक त्यासाठी खाद्यात यीस्ट मिसळतात. तुम्ही भाताचा कोंडा आणि धुऊन घेतलेला जवळा मिसळायला लावलात, तोही ओला करून, कारण कोरडं पीठ बदकाच्या घशात अडकतं. कोंड्यात आणि मासळीत नायसिन चांगलं असतं. तुम्ही तो शब्द कधी ऐकलेला नसेल, पण तुमच्या अंगणात वाकड्या पायाचं बदक मी पाहिलेलं नाही.

आणि ती शेंगदाण्याची पेंड! तुम्ही पोत्याला नाक लावलंत आणि पोतं सरळ बाहेर काढायला लावलंत. पावसाळ्यात आपल्याकडे कशालाही बुरशी धरते, आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बदकांच्या पिल्लांना फार लवकर मारतं. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि त्यातूनच शास्त्रज्ञांना हे विष सापडलं. काकी, त्या दिवशी तुमच्या नाकाने माझा अख्खा कळप वाचवला. हे मी उगाच वाढवून म्हणत नाही.

आता आवाजाचं.

सुरुवातीला सगळी पिल्लं सारखीच चिवचिवतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून चिवचिव फुटायला लागते, आणि मग कळप ओरडू लागला की मला नुसता गलका ऐकू यायचा. तुम्ही सांगितलंत, गलका ऐकायचाच नाही. एकेकाला उचलून बाजूला न्यायचं. कळपापासून तुटलं की ते ओरडतंच. मादी मोठ्याने, खणखणीत "क्वॅक" करते, वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. नराचा आवाज बसल्यासारखा, घोगरा, दबका. जोर लावला तरी वर चढत नाही. ज्याचा आवाज मोठा तो नर, असं मनात धरून बसणाऱ्याला हे उलटंच वाटेल. तुम्ही पायरीवर बसलात, मी एकेक आणून दिलं, आणि मादीच्या पायात सैलसर लाल दोरा बांधत गेले. पाय जाड होतात म्हणून दोरा दर आठवड्याला सोडून बांध, हेही तुम्हीच सांगितलंत. एक-दोन पिल्लं गप्पच राहिली. त्यांच्याबद्दल अंदाज न बांधता तुम्ही "ह्येंका पुढल्या आठवड्यात" म्हणालात. मला तुमचा तो संयम सगळ्यात जास्त आवडला. पुढे नरांच्या शेपटीवर वळलेली पिसं आली, डोकी काळपट-हिरवी झाली, तेव्हा तुमचा एकही दोरा चुकलेला नव्हता.

यामागचं कारण मी शोधून काढलं, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्यात वर तयार होत नाही; श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे छातीत सिरिंक्स नावाचा अवयव असतो. नर बदकात त्याच्या डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा तयार होतो. मादीला तो नसतो. त्या फुग्याची घडण अंड्यातच सुरू होते, म्हणजे नर घोगरा होणार हे आधीच ठरलेलं असतं, फक्त आपल्याला ऐकू यायला आवाज फुटावा लागतो. म्हणूनच ही खूण पक्की. वळलेली शेपटी पिसं झडली की जाते, डोक्याचा रंगही काही महिने फिका पडतो, पण घोगरा आवाज घोगराच राहतो. पांढऱ्या पेकिन बदकांत तर नर-मादी दोघं पांढरी, तिथे आवाजाचाच मोठा आधार. मस्कव्ही जातीला मात्र हा नियम लावू नये. तिचा नर फुसफुसतो, मादीही जोरात ओरडत नाही. तिथे आकार आणि चेहऱ्यावरची लाल गाठाळ कातडी बघावी.

तुम्ही पिल्लांना बोलावता ते "तित तित तित तित"ही विसरत नाही. माझ्या हाकेला न येणारी पिल्लं तुमच्याकडे धावायची. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकन शास्त्रज्ञाने बदकांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. आई बदक सेकंदाला साधारण चार या लयीत हाक मारते आणि पिल्लं ती लय धरतात, हे त्याने दाखवलं. तुमची हाक तितकीच भरभर असते, मी ऐकून पाहिली आहे.

दोऱ्यांमुळे काय साधलं तेही लिहिते. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्याहून जास्त झाले की माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात, पाण्यात तर नर चढून मादी बुडूही शकते. आम्ही जास्तीचे नर वेळेत विकले. माद्या शांत आहेत, पाच महिन्यांच्या होताच अंड्यावर आल्या, आणि पहाटेच अंडी घालतात म्हणून सकाळी उशिरापर्यंत खुराड्यात ठेवायची तुमची सूचना पाळते. एकही अंडं तळ्यात जात नाही.

खाकी कॅम्पबेल सहसा अंड्यावर बसत नाही, म्हणून या वेळी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली आहेत. एकवीस दिवसांनी तिला उठवायचं नाही, अठ्ठावीस लागतात, आणि अंड्यांवर कोमट पाण्याचा हबका मारायचा, हे लक्षात आहे. ही पिल्लं पलीकडच्या गावातल्या एका ताईंना द्यायची आहेत. आवाज फुटले की लाल दोरे घेऊन मी जाणार आहे. एखादं गप्प राहिलं तर तुम्हाला न्यायला रिक्षा पाठवेन, नाही म्हणू नका.

तुमची,
वरच्या वाडीतली सून